६ ऑक्टोबरची तारीख : वेल्समधला एक पक्ष, एक वाहिनी आणि नाशिकचा एक वर्ग

राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एक प्रकरण मुळापासून शेवटापर्यंत शिकवते. वर्ग नाशिकचा, पण पोरं चहूकडची. सटाणा-मालेगावकडून आलेली घरी अहिराणी बोलतात. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरची घरी कोकणा बोलतात, काही गावांत तिलाच डांगी म्हणतात. दोन-चार इगतपुरीची असतात आणि बाकीची पंचवटी, सिडको, नाशिकरोडची. प्रकरण मात्र साता समुद्रांपलीकडचं आहे. १९८० साली ब्रिटनमधल्या वेल्स या प्रदेशातल्या, स्वराज्य मागणाऱ्या प्लाइड कम्री या पक्षाने एका टीव्ही वाहिनीसाठी लढत दिली, तिचं.

त्या वेळी या पक्षाचे ब्रिटिश संसदेत फक्त दोन खासदार होते. समोर नुकतंच स्पष्ट बहुमत मिळवून आलेलं मार्गारेट थॅचर यांचं सरकार होतं. स्वराज्याच्या प्रश्नावर पक्षाने वर्षभरापूर्वीच सपाटून मार खाल्ला होता. तरीही सरकारने शब्द फिरवला आणि पुन्हा मूळ शब्दावर यावं लागलं. हे कसं घडलं, एवढाच प्रश्न मी वर्गापुढे ठेवते. उत्तर शोधता शोधता आमची पोरं दर वेळी वेल्समधून निघून आपल्याच घरी पोचतात.

गळ्यातली लाकडी पाटी

वेल्श भाषेला तिथले लोक कम्राइग म्हणतात. ती इंग्रजीची बोली नव्हे. तिचं कूळ केल्टिक, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रेटनशी तिचं सख्खं नातं. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टकचेरीची भाषा फक्त इंग्रजी ठरली. वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पद मिळण्याची वाट बंद झाली. १८४७ साली शाळांची पाहणी करून सरकारी अहवाल निघाला. त्यात वेल्श लोकांच्या मागासपणाचं, इतकंच काय त्यांच्या नीतिमत्तेचंही खापर त्यांच्या भाषेवर फोडलं होतं. अहवालाचे खंड निळ्या पुठ्ठ्याचे होते. वेल्समध्ये आजही त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात.

मग मी त्या लाकडी पाटीबद्दल सांगते. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या कित्येक शाळांत दोरी ओवलेला लाकडाचा तुकडा असायचा. वर्गात कुणी वेल्श बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात घालायचे. त्या पोराने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला मार. गुरुजींना पहारा करावाच लागत नसे, पोरंच एकमेकांवर नजर ठेवायची.

हे ऐकलं की वर्ग शांत होतो आणि मग कुणीतरी बोलतं. एका वर्षी सिडकोतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. आणि नाव मॉनिटरच लिहायचा." मागच्या बाकावरची सटाण्याची मुलगी लगेच म्हणाली, "आणि आमच्या शाळेत अहिराणी बोललं की सगळे हसायचे. दंड नव्हता, पण दंड बरा वाटला असता."

मला माझं आठवलं. मीही सटाण्याकडची. सातवीत असताना आम्ही नाशिकला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी पुस्तक कुठे आहे विचारलं आणि मी उठून म्हणाले, "माले भेटनं नही." वर्ग फुटला. बाईही हसल्या. वाईट हेतूने हसल्या असतील असं मला आजही वाटत नाही, पण त्यानंतर मी घराबाहेर 'माले' हा शब्द उच्चारला नाही. आई दारात येऊन हाक मारायची, "कथा चालनी वं आंडेर?" (कुठे चाललीस गं पोरी?) तेव्हा आजूबाजूला मैत्रिणी आहेत का हे मी आधी बघायचे. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मला तशी हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

पक्ष आणि त्याचा पेच

५ ऑगस्ट १९२५ रोजी पुल्हेली गावात, तिथल्या राष्ट्रीय साहित्य-संगीत उत्सवाच्या दिवसांत, सहा माणसांनी बसून हा पक्ष स्थापन केला. सुरुवातीला भाषा हाच त्यांचा सगळा विचार होता. १९३६ साली पक्षाचे अध्यक्ष साँडर्स लुइस आणि त्यांच्या दोन साथीदारांनी हवाई दलाच्या बॉम्बफेकीच्या प्रशिक्षण तळाचं बांधकाम पेटवून दिलं आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले. वेल्समधल्या ज्यूरीचं एकमत होईना, म्हणून खटला लंडनला नेला. तिथे तिघांना नऊ महिन्यांची कैद झाली.

आमच्या वर्गाला सर्वांत जवळचं वाटतं ते मात्र ट्रवेरिनचं खोरं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. शहराच्या महापालिकेने थेट लंडनच्या संसदेतून १९५७ मध्ये कायदा करून घेतला. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांचा विरोध होता, तरी काही चाललं नाही. कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव, त्याची शाळा, पोस्ट, चॅपल, दफनभूमी, सगळं १९६५ साली पाण्याखाली गेलं. हे सांगताना इगतपुरीच्या पोरांकडे बघितलं की पुढचं बोलावंच लागत नाही. अप्पर वैतरणाचं धरण त्यांच्या तालुक्यात आहे आणि पाणी मुंबईच्या नळाला. धरणाच्या काठावरच्या पाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरणाऱ्या बाया त्यांनी रोज पाहिलेल्या असतात. आपल्या खोऱ्याचा निर्णय दुसऱ्याच गावात होतो म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. स्वराज्य हा शब्द त्यांना इथून कळतो.

मग येतं १९६२ चं ते रेडिओवरचं भाषण. साँडर्स लुइस तेव्हा सक्रिय राजकारणातून दूर होऊन बरीच वर्षं झाली होती. १३ फेब्रुवारीला ते बीबीसीवरून भाषेच्या भवितव्यावर बोलले. त्यांचं म्हणणं पक्षाला झोंबणारं होतं. आधी स्वराज्य आणि मग भाषा, असा क्रम लावलात तर भाषा इंग्रजांच्या राज्यात मरते त्याहून लवकर मरेल, असं त्यांनी सांगितलं. कारण आपलंच सरकार आलं की भाषेसाठी भांडायचं कुणाशी? या भाषणातून त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना उभी राहिली. पोरापोरींनी वेल्शमधून समन्स मिळावं म्हणून रस्ते अडवले, इंग्रजी पाट्या रंगवल्या, तुरुंगात गेले.

या भाषणावर मी हमखास एक पूर्ण तास घालवते. आमच्याकडे क्रम वेल्सच्या उलटा लागला. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं मेली, १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि राजभाषेचा कायदा १९६४ मध्ये झाला. नाशिकचा यात मोठा वाटा होता. १९५७ ला दादासाहेब गायकवाड संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधूनच लोकसभेवर गेले, आणि पुढे १९६३ ला यशवंतराव चव्हाणांनाही इथूनच बिनविरोध निवडून दिलं. मराठीला राज्य मिळालं, हे मोठंच झालं. पण त्याच दिवशी डांग गुजरातेत गेलं आणि सुरगाण्याच्या पलीकडचं पाहुण्यांचं गाव दुसऱ्या राज्यात पडलं. दोन्हीकडे घरात भाषा एकच. शाळेत मात्र अलीकडे मराठी आणि पलीकडे गुजराती.

माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही एकदम बघितल्याशिवाय वेल्सचं प्रकरण महाराष्ट्रात नीट शिकवताच येत नाही. दिल्लीकडे बघताना आपण वेल्स असतो. सुरगाण्याकडे बघताना आपण लंडन असतो. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासननिर्णय आला, गदारोळ झाला आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. त्या दिवसांत वर्गातली शहरातली पोरं पेटून उठली होती आणि ते योग्यच होतं. पहिलीच्या पोरावर परकी भाषा लादू नये, हे त्यांचं म्हणणं. तेव्हा सुरगाण्याची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी पहिलीत गेले तेव्हा मला मराठी येत नव्हतं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त सांगत होती.

१९७९ : दोन पराभव

आता मूळ प्रसंगाकडे. पक्षाची सूत्रं १९४५ पासून ग्विन्वोर इव्हान्स यांच्याकडे होती. हा माणूस शांततावादी, गांधींना मानणारा, लँगादॉग गावाजवळ काचघरांत टोमॅटो पिकवून बाजारात पाठवणारा. (पिंपळगावचे टोमॅटोवाले इथे कान टवकारतात.) घरात इंग्रजी. बॅरी या बंदराच्या गावात वाढलेल्या इव्हान्स यांनी वेल्श पुढे मेहनतीने शिकून घेतली. १४ जुलै १९६६ ला कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत ते जिंकले आणि पक्षाचे पहिले खासदार झाले.

१ मार्च १९७९ ला वेल्सला स्वतःची विधानसभा द्यायची का, यावर सार्वमत झालं. निकाल पाचांत चार असा विरोधात गेला. होकार जेमतेम २० टक्के. का, हे समजून घेण्यासारखं आहे. वेल्समध्ये १९०१ साली निम्मे लोक वेल्श बोलत होते, १९७१ पर्यंत ते प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर आलं होतं. दक्षिणेच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांतला इंग्रजी बोलणारा कामगार विचारायचा की विधानसभा आली तर वेल्श येणाऱ्यांचंच राज्य नाही ना होणार? उत्तरेतल्या वेल्श बोलणाऱ्याला भीती की दक्षिणेतल्या राजधानीचे, कार्डिफवाले, आपल्याला गिळतील. दोघांनीही नको म्हटलं. त्यानंतरच्या मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि स्वतः इव्हान्स पडले.

म्हणजे स्वराज्याचा दरवाजा बंद, नेता घरी, पक्षाची मतं वेल्समध्ये ८ टक्क्यांच्या आसपास. अशा वेळी भाषेचा प्रश्न समोर आला, तोही टीव्हीच्या रूपाने.

ब्रिटनमध्ये तेव्हा तीन वाहिन्या होत्या आणि चौथी सुरू व्हायची होती. वेल्श कार्यक्रम बीबीसी आणि खासगी वाहिनीवर इथे अर्धा तास, तिथे पाऊण तास असे विखुरलेले. वेल्श बोलणाऱ्यांना ते पुरत नव्हते आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना नको होते. कारण त्यांच्या आवडीच्या मालिकेच्या वेळेला मध्येच वेल्श काहीतरी लागायचं. पुष्कळ घरांनी अँटेना इंग्लंडच्या टॉवरकडे फिरवून ठेवले होते. सगळे वेल्श कार्यक्रम एका वाहिनीवर आणावेत ही शिफारस १९७४ च्या क्रॉफर्ड समितीने करून ठेवली होती. थॅचर यांच्या पक्षाने १९७९ च्या जाहीरनाम्यात तसं वचनही दिलं. निवडून आल्यावर सप्टेंबरमध्ये गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते फिरवलं. वेगळी वाहिनी नाही, कार्यक्रम दोन वाहिन्यांवर राहतील.

वेल्समध्ये संताप झाला. तीन प्रतिष्ठित विद्वानांनी पेंकारेगच्या प्रक्षेपण केंद्रात घुसून ते बंद पाडलं आणि अटक करवून घेतली. सुमारे २,००० लोकांनी टीव्हीचं लायसन्स शुल्क भरणार नाही, तुरुंगात जाऊ, असं लिहून दिलं. (आमच्याकडेही एके काळी रेडिओ-टीव्हीला लायसन्स लागायचं, हे पोरांना खरं वाटत नाही.) तरी सरकार हललं नाही.

मे १९८० मध्ये ६७ वर्षांच्या इव्हान्स यांनी जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून मी उपोषणाला बसेन आणि वाहिनी मिळेपर्यंत उठणार नाही.

उपोषणाची गोष्ट नाशिकमध्ये सोपी नाही

इथे मी थांबते आणि मत विचारते. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला वाटलं होतं की महाराष्ट्रातला वर्ग, गांधींचा देश, पोट्टी श्रीरामुलूंच्या १९५२ च्या उपोषणातून आंध्र राज्य झालेलं, सगळे भारावतील. तसं झालं नाही. काळाराम मंदिराजवळ राहणारा एक मुलगा उठला. त्याच्या पणजोबांनी २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या मंदिर सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांबरोबर भाग घेतला होता. तो म्हणाला, "मॅडम, १९३२ ला येरवड्यात उपोषण झालं तेव्हा दबाव कुणावर आला? बाबासाहेबांवर. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याच्यावर. मग इथे ते बरोबर कसं?"

त्या दिवशी माझी टिपणं बाजूला पडली. पुढचे दोन तास वर्ग फक्त यावरच बोलत होता. शेवटी पोरांनीच काही कसोट्या काढल्या आणि त्या मी आजही वापरते. त्यांनी विचारलं की दबाव कुणावर पडतो, सत्ता असलेल्यावर की नसलेल्यावर? मागितलेल्या गोष्टीने दुसऱ्या कुणाचं काही हिरावलं जातं का? १९३२ ला दलितांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ पणाला लागले होते. १९८० ला इंग्रजी बोलणाऱ्या वेल्श माणसाचं काहीच जात नव्हतं, उलट त्याची वाहिनी त्याला मोकळी मिळणार होती. आणि तिसरं, समोरच्याने ती गोष्ट द्यायचं आधीच कबूल केलं होतं का? तो मुलगा पूर्ण पटून खाली बसला असं मी म्हणणार नाही. पण हे उपोषण 'दिलेलं वचन वसूल करण्यासाठी' होतं, हा शब्दप्रयोग त्याचाच आहे.

सरकार का वाकलं

पूर्ण उन्हाळाभर इव्हान्स गावोगाव सभा घेत फिरले. हजारोंनी लोक आले. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पक्षाच्या बाहेर काय घडत होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघांचं शिष्टमंडळ व्हाइटलॉ यांना लंडनमध्ये भेटलं. त्यात वेल्सचे आर्चबिशप होते, मजूर पक्षाचे जुने मंत्री क्लेडविन ह्यूज होते आणि वेल्सच्या प्रशासनात मोठ्या पदावर राहिलेले सर गोरॉनवी डॅनिएल होते. यातला एकही प्लाइड कम्रीचा कार्यकर्ता नव्हता. तिघेही मवाळ, सरकारच्या घरात ऊठबस असलेले. इव्हान्स हा माणूस बोलल्याप्रमाणे वागणारा आहे आणि तो मेला तर वेल्स शांत राहणार नाही, हे अशा माणसांच्या तोंडून ऐकण्याला वजन असतं. १९७९ च्या डिसेंबरपासून इंग्रजांची सुट्टीची घरं जाळण्याचे प्रकार सुरू झालेच होते. आयर्लंडची आग शेजारी होती.

१७ सप्टेंबर १९८० ला सरकारने निर्णय बदलला. उपोषणाला १९ दिवस बाकी होते. इव्हान्स यांना एक दिवसही उपाशी राहावं लागलं नाही. तीन आठवड्यांनी पक्षाच्या अधिवेशनात थॅचर यांनी आपण मागे वळणाऱ्यांतल्या नाही असं ठणकावून सांगितलं, तेव्हा वेल्समध्ये कुणाला काय आठवलं असेल ते सांगायला नको.

वर्गात पोरं कारण म्हणून एकाच माणसाचा त्याग पुढे करतात. तो होताच. पण मी त्यांना मागणी पुन्हा वाचायला लावते. 'आमची भाषा वाचवा' अशी ती मागणी नव्हती. एक वाहिनी, चौथ्या क्रमांकाची, संध्याकाळच्या मुख्य वेळात वेल्श. हो किंवा नाही म्हणता येईल एवढी नेमकी. तिचा खर्च काढता येत होता, तिची शिफारस सरकारी कागदावर होती, तिचं वचन छापील होतं आणि तिला तारीख होती. आदल्या वर्षी स्वराज्याच्या सार्वमतात जो इंग्रजी बोलणारा खाणकामगार दूर पळाला होता, त्याला या मागणीची भीती वाटली नाही. पक्षाने स्वराज्य सोडलं नव्हतं. स्वराज्याला घाबरलेल्या माणसाला भाषा भीतीदायक नाही, हे त्याने आधी अनुभवावं, असं काहीसं यातून घडलं. हे इव्हान्स यांनी पूर्ण योजून केलं असं माझं म्हणणं नाही. हरलेल्या पक्षाला उभं करण्यासाठी काहीतरी हवं होतं, हेही त्यात होतंच.

१ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी ही वाहिनी सुरू झाली. आठवड्याला सुमारे २२ तास वेल्श, उरलेल्या वेळात चॅनल फोरचे इंग्रजी कार्यक्रम. तीही आधी तीन वर्षांच्या चाचणीवर. लहान मुलांसाठी वेल्शमध्ये बनवलेली व्यंगचित्रं पुढे इंग्रजीतून जगभर गेली. वेल्श येणाऱ्याला निर्माता, संपादक, ध्वनिमुद्रक म्हणून पोट भरता येऊ लागलं. ही गोष्ट मला भाषणांपेक्षा मोठी वाटते. भाषा येते म्हणून नोकरी मिळते, हे आईबापांना दिसलं की ते पोराला वेल्श शाळेत घालतात.

१९९७ ला पुन्हा सार्वमत झालं. या वेळी होकार निघाला, अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. १९९९ च्या पहिल्या विधानसभेत ६० पैकी १७ जागा प्लाइड कम्रीला मिळाल्या. त्यात रोंडासारखे इंग्रजी बोलणारे खाणपट्टेही होते. पुढे त्याच रोंडाच्या, इंग्रजी घरातल्या लिआन वुड पक्षाच्या नेत्या झाल्या. १९९३ चा भाषा कायदा, २०११ चा त्याहून कडक कायदा, आणि आता २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचं सरकारी उद्दिष्ट.

पण मी आकडे लपवत नाही. २००१ च्या जनगणनेत २०.८ टक्के लोक वेल्श बोलत होते, २०२१ मध्ये १७.८. वाहिनी आली, कायदे आले, विधानसभा आली, आणि तरी शाळेत शिकलेली पोरं घरी आणि मैदानावर इंग्रजीच बोलतात, अशी तिथल्या शिक्षकांची तळमळ आहे. हे ऐकून आमची पोरं खट्टू होतात. मी खट्टू होत नाही. एवढं झालं नसतं तर आकडा कुठे असता, हे १९०१ ते १९७१ ची घसरण बघून कळतं.

मागणी लिहा

शेवटच्या दोन तासिका मी वर्गाला काम देते. आपल्या जिल्ह्यातल्या लहान भाषेसाठी एक मागणी लिहा. एकच. हो किंवा नाही म्हणता आली पाहिजे, कुणाकडे करायची हे ठरलं पाहिजे, खर्च कुठून हे लिहिलं पाहिजे आणि तारीख घातली पाहिजे.

पहिल्या फेरीत नेहमीच ढगातलं येतं. अहिराणीला आठव्या अनुसूचीत घ्या. अहिराणी अकादमी काढा. मागणी चुकीची नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून १८ लाखांहून जास्त लोकांनी नोंदवली आहे आणि यूट्यूबवर अहिराणी गाणी लाखोंनी बघितली जातात. पण हो-नाही कोण म्हणणार, हे विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात. संविधानातलं ३५० अ कलम, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयीचं, पोरांना पाठ असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. वचन छापील आहे, हे त्यांना पटतं. वसूल कुणाकडून करायचं, तिथे अडतं.

गेल्या वर्षी सुरगाण्याच्या त्याच मुलीने, जिला पहिलीत मराठी येत नव्हतं, तिच्या गटाला वेगळ्या वाटेने नेलं. ती आधी दवाखान्याबद्दल बोलली. तिच्या आजीला तालुक्याबाहेरच्या एका दवाखान्यात नेलं होतं. दुखतं कसं, आतून जळतं की टोचतं, हे आजी कोकणात सांगत होती आणि डॉक्टर मराठीत विचारत होते. मध्ये ही नववीतली पोर दुभाषा. "मला त्या दुखण्याचा मराठी शब्दच माहीत नव्हता, मॅडम. मी नुसतं 'पोटात दुखतं' म्हटलं." आजी पुढे बरी झाली, पण मुलगी ते विसरलेली नाही.

मग ती म्हणाली, मंत्रालयात कशाला जायचं, आमचं गाव पेसात आहे.

इथे मी तिच्या पुढे गेले नाही, तीच बोलत राहिली. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार देतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ ला आले. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. शिक्षण आणि आरोग्य त्यात बसतं. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकच्या पाड्यांवर 'आमच्या गावात आमचं सरकार' ही घोषणा भिंतींवर रंगवलेली तिने लहानपणापासून बघितली होती. वेल्सला विधानसभा मिळायला १९९९ उजाडलं. तिच्या पाड्याकडे ग्रामसभा आहेच.

गटाची मागणी दीड पानाची झाली. मग मी ती अर्ध्या पानावर आणायला लावली. गावच्या अंगणवाडीत रोज एक तास गोष्टी, गाणी आणि बोलणं कोकणातून. त्यासाठी गावातल्याच एका बाईला मानधन, पेसा निधीतून. मराठी त्याच्या शेजारी, हळूहळू. आणि दवाखान्यासाठी शरीराच्या अवयवांची आणि दुखण्यांची कोकणा-मराठी यादी, गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून गोळा केलेली, एका पानावर छापून भिंतीला लावायची.

एका शहरी मुलाने विचारलं, "याने मराठी कच्ची नाही राहणार?" तिने विचार करून सांगितलं, "माझं मराठी दुसरीत सुधारलं, कारण दुसरीला आम्हाला एक गुरुजी होते, ते आधी कोकणात सांगायचे, मग मराठीत. पहिलीचं वर्ष मी नुसती बसून होते."

कागदाच्या तळाशी 'उत्तर कधीपर्यंत' अशी ओळ मी छापून दिलेली असते. बहुतेक गट ती कोरी ठेवतात किंवा 'लवकरात लवकर' लिहितात. तिने आधी तेच लिहिलं होतं. मग खोडलं आणि शेजारच्या मुलीला विचारलं, ग्रामसभा कधी कधी असते? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिने बोटांवर मोजलं, गावाकडे जाऊन किती घरं फिरावी लागतील, याद्या करायला किती दिवस, आजीकडून शब्द लिहून घ्यायला किती. एसटीचं भाडंही धरलं.

तिने १५ ऑगस्ट लिहिलं आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.